चौकटीबाहेरची गुरं : कळपांच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतल्या बायसनच्या कळपांची आठवण म्हणून जो फोटो सगळ्यात जास्त दाखवला जातो, त्यात एकही जिवंत बायसन नाही. 1892 च्या सुमाराचा तो फोटो. मिशिगनमधल्या एका कारखान्याच्या आवारात शिकारीत मारलेल्या बायसनच्या कवट्यांचा डोंगर रचलाय, एक माणूस पायथ्याशी उभा आहे आणि एक थेट माथ्यावर. या हाडांपासून खत आणि साखर शुद्ध करायचा कोळसा तयार व्हायचा.

हे कळप मैदानं व्यापून चालायचे तेव्हा फोटोग्राफरकडे होत्या ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे चिकट रसायन फासलेल्या काचा. काच जागेवरच तयार करायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात धुवायची. प्रकाश पडायला काही सेकंद लागत, तेवढ्यात चालतं जनावर नुसतं धुरकट होऊन जाई. वेगवान कोरड्या काचा, म्हणजे ‘ड्राय प्लेट’, 1870 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आल्या आणि 1883 नंतर बायसनचा मोठा कळप म्हणावा असा उरलाच नाही. ही चुकामूक आजही मनाला लागते.

पाळीव जनावरांच्या बाबतीत हे सोपं होतं. रोज ठरल्या वाटेने येणारी, पाण्यावर निवांत थांबणारी गुरं मंद प्लेटवरही नीट उमटत. 1880 च्या दशकात पीटर हेन्री एमर्सन या फोटोग्राफरने इंग्लंडच्या नॉरफोक भागातलं ग्रामीण जीवन टिपलं. त्याच्या एका फोटोत नांगराचे घोडे चढावर जोर लावताना दिसतात. माणूस, जनावर आणि जमीन त्याने एकमेकांपासून तोडली नाहीत. जंगली प्राण्यांच्या फोटोंनी पुढे नेमकी ती तोडली.

त्याचं कारण त्या फोटोंच्या उगमात आहे. ही कला शिकाऱ्यांकडून आली. अमेरिकेतला शिकारी-फोटोग्राफर जॉर्ज शिरास रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून तळ्याकाठी जाई. उजेडाकडे टक लावून हरीण जागीच थबकलं की मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची. ओजिब्वे या तिथल्या मूलनिवासी शिकाऱ्यांची ही रीत, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. 1906 च्या जुलैत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याचे 74 फोटो एकाच अंकात छापले. पण त्या भुकटीचा उजेड पोहोचणार किती? एकदोन हरणं, फार तर तीन. कळपासाठी दिवसाचा उजेड हवा आणि जवळ जायला आडोसा हवा. इंग्लंडच्या कीर्टन बंधूंनी पक्ष्यांच्या फोटोंसाठी बैलाचं पोकळ सोंग बनवलं होतं, त्यात माणूस कॅमेरा घेऊन उभा राहायचा. पाळीव जनावराला कोणी बुजत नाही, हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

आडोसा मिळाला तरी जमिनीवरून कळपाची फक्त पुढची रांग दिसते, मागचं सगळं धुळीत जातं. त्याचा आवाका कळायला उंचीच लागते. 1930 च्या दशकात मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे दाम्पत्य आफ्रिकेत दोन विमानं घेऊन फिरलं. एकावर झेब्र्याचे पट्टे रंगवलेले, दुसऱ्यावर जिराफाचे ठिपके. पुढे बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक हे जर्मन बापलेक झेब्र्याचे पट्टे रंगवलेल्या विमानातून पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या मैदानातले प्राणी मोजत होते. जानेवारी 1959 मध्ये गिधाडाच्या धडकेने विमान कोसळलं आणि मिखाएल गेला. त्यांच्या माहितीपटाला दुसऱ्या वर्षी ऑस्कर मिळालं, आणि माणसाविना पसरलेलं, कळपांनी भरलेलं मैदान जगभर पोहोचलं. त्याच 1959 साली मसाई पशुपालकांना आपली गुरं घेऊन सेरेंगेटी उद्यानाबाहेर पडावं लागलं होतं. पडद्यावरचं मैदान रिकामं दिसण्याआधी ते रिकामं केलं गेलं, हे तो माहितीपट बघणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

आणि नेमकं तिथेच पाळीव आणि जंगली ही फारकत खोटी ठरली. बुळकांडीने (रिंडरपेस्ट या साथीच्या रोगाने) 1890 च्या दशकात आफ्रिकेतली गुरं मारली, तशीच रानम्हशी आणि विल्डेबीस्ट हे हरणांच्या जातीचे मोठे प्राणीही. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचत गेले तसा 1963 च्या सुमारास हा रोग विल्डेबीस्टमधूनही नाहीसा झाला. जंगली प्राणी गुरांना रोग देतात असं मानलं जायचं, निघालं उलटंच. त्याचा परिणाम हवाई मोजणीतून दिसला. विमान ठरलेल्या रेषांवरून न्यायचं, सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे आणि मग त्यावरचा ठिपका न् ठिपका मोजायचा. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डेबीस्ट 1977 पर्यंत 13 लाखांवर गेले. आज आपण नदी ओलांडणाऱ्या कळपांचे जे फोटो डोळे विस्फारून बघतो, त्यांच्यामागे कोणा गुराख्याच्या गाईला टोचलेली सुई आहे.

लांब पल्ल्याच्या लेन्सने ही कापाकापी आणखी सोपी केली. ती अंतर दाबते, शंभर पावलांवर पसरलेली जनावरं खांद्याला खांदा लावून उभी दिसतात, आणि कडेचा गुराखी, कुंपण, रस्ता अलगद बाहेर राहतो. म्हणून मला ब्राझीलचा फोटोग्राफर सेबास्तियाव सालगादोचे 2006 मधले दक्षिण सुदानचे फोटो फार मोलाचे वाटतात. डिंका लोकांच्या गुरांच्या तळावर शेणाच्या धुराचा थर तरंगतोय, त्यातून लांब शिंगं वर आलीत आणि त्यांच्यात राखेने माखलेली माणसं उभी आहेत. गोठा कुठला नि माळ कुठला, हे तिथे वेगळं काढताच येत नाही.

नंतर ड्रोन आले आणि उंची सगळ्यांच्या हातात आली. 2014 मध्ये अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात एका ड्रोनमुळे रानमेंढ्यांचा कळप उधळला, पिल्लं मोठ्यांपासून तुटली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनवर बंदी आली. न्यूझीलंडमधले शेतकरी मात्र आता कुत्र्याचं भुंकणं वाजवणारे ड्रोन मुद्दाम उडवतात, मेंढरं डोंगरावरून खाली हाकायला.