गिळलेल्या कॅमेऱ्याची चित्रे टिपणारी ग्रहणयंत्रणा : पार्श्वभूमी

पोटातून रेडिओलहरींवर माहिती धाडणाऱ्या गोळ्या १९५७च्या सुमारास तयार झाल्या होत्या. मात्र त्या दाब, तापमान किंवा आम्लता एवढेच कळवत. चित्रे पाठवणाऱ्या पहिल्या कॅप्सूलला, म्हणजे गिळायच्या इवल्या कॅमेऱ्याला, २००१मध्ये वापराची परवानगी मिळाली आणि ग्रहणाचा, म्हणजे शरीराबाहेर संकेत टिपण्याचा, प्रश्नच पालटला. २५६ गुणिले २५६ बिंदूंचे एक चित्र, प्रत्येक बिंदूला ८ बिट आणि सेकंदाला २ चित्रे असा हिशेब केला, तरी सेकंदाला दहा लाखांवर बिट होतात, आणि हा ओघ बटन सेलच्या जोरावर सुमारे ८ तास चालू ठेवायचा असतो.

आजही मतभेद आहेत ते वारंवारितापट्ट्याच्या, म्हणजे कोणत्या रेडिओलहरींवर चित्रे पाठवायची याच्या, निवडीबद्दल. शरीरात बसवलेल्या उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा अमेरिकेत १९९९मध्येच राखून ठेवला गेला होता, पण त्यातल्या वाहिनीची रुंदी जास्तीत जास्त ३०० किलोहर्ट्‌झ. पेसमेकरची माहिती त्यात सहज मावते, चित्रांचा हा ओघ मावत नाही. म्हणून ४३४ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा खुला पट्टा घेतला गेला. तिथे इतर उपकरणांचा व्यत्यय येऊ शकतो, हा आक्षेप रास्तच आहे; तरीही २.४ गिगाहर्ट्‌झसारख्या वरच्या पट्ट्यात रुंदी भरपूर मिळत असली, तरी ऊती संकेत अधिक शोषून घेतात, आणि इवल्याशा बॅटरीला तो तोटा परवडणारा नाही. तडजोड म्हणून ही निवड योग्यच होती, असे म्हणावे लागते.

कमी शक्तीच्या प्रक्षेपणाची भरपाई करण्याचे काम संकेत टिपणाऱ्या ग्रहणयंत्रणेकडे आले. कॅप्सूल आतड्यात सतत कलत आणि फिरत असते. एका अँटेनाला संकेत क्षीण मिळतो त्याच क्षणी दुसऱ्याला तो ठळक मिळू शकतो. यासाठी पोटावर ८ अँटेना चिकटवून त्या कमरेच्या रेकॉर्डरला जोडल्या गेल्या. कोणत्या अँटेनाला किती जोरदार संकेत मिळाला, यावरून कॅप्सूलच्या जागेचा ढोबळ अंदाजही बांधता आला, आणि ही जमेची बाजू फार मोलाची ठरली.

पुढे कॅप्सूल आणि रेकॉर्डर यांच्यात दुहेरी संपर्क आला आणि कॅप्सूलच्या हालचालीनुसार चित्रांचा वेग बदलू लागला : लहान आतड्यात सेकंदाला २ ते ६, मोठ्या आतड्यात ४ ते ३५. काही कॅप्सूल रेडिओ सोडून शरीराच्याच विद्युतवाहकतेतून त्वचेवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत संकेत पोहोचवतात. काहींनी ग्रहणयंत्रणाच वगळून चित्रे आतल्या स्मृतीत साठवली. मात्र त्यात शौचावाटे पडलेली कॅप्सूल परत मिळवावीच लागते, आणि ती वाटेत अडकली तर नेमक्या त्या अडथळ्याची चित्रेही तिच्यासोबत आतच राहतात.