काढ्यानं सिगारेट ‘धुतली’ जात नाही

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या टपऱ्यांवर एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: सिगारेट ओढली तरी वरून गवती चहा किंवा तुळशीचा काढा घेतला की तोंड साफ, कॅन्सरची भीती नाही.

यात खरं किती? गालाच्या आतल्या पेशी सतत झडतात, नव्या येतात. त्या हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर धूम्रपान करणाऱ्यांत मुख्य केंद्रकाशेजारी छोटी सूक्ष्मकेंद्रकं जास्त दिसू शकतात. पेशी विभागताना गुणसूत्रांचे तुकडे मागे राहिल्याची ती खूण. ग्रीन टी घेतल्यावर पेशींतलं नुकसान कमी दिसल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. अफवेला बळ बहुधा तिथूनच मिळालं. पण खूण कमी दिसणं वेगळं आणि कॅन्सर टळणं वेगळं. शिवाय ग्रीन टी चहाच्या झाडाची पानं, गवती चहा हे गवत, तुळस तिसरीच. एकाचे गुण दुसरीच्या नावावर कसे चढवायचे? आणि पुढची सिगारेट धुरातली डझनावारी कॅन्सरकारक रसायनं पुन्हा आणतेच.

नाशिकच्या थंडीत वाफाळता काढा घशाखाली ढकलणाऱ्यांसाठी आणखी एक: ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये नोंदवलं.

काढा आवडतो तर प्या, कोमट. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असेल तर मात्र दातांच्या डॉक्टरांना दाखवा. व्यसन सोडायला मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.