बायोप्रिंटिंग आणि शरीरात बसवायचे औषधपंप

जिवंत पेशी जेलमध्ये मिसळून, संगणकाने आखलेल्या मार्गाने थरावर थर रचत ऊती घडवण्याच्या पद्धतीला बायोप्रिंटिंग म्हणतात. शरीरात बसवायचा औषधपंप म्हणजे त्वचेखाली ठेवलेली औषधाची छोटी टाकी. ती ठरलेल्या वेगाने, नेमक्या ठिकाणी औषध सोडत राहते. जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या या दोन शाखा वेगवेगळ्या वाढल्या, पण दोन्हींपुढचा पेच एकच आहे: शरीराच्या आत पोकळी तयार करायची, ती बुजू द्यायची नाही आणि तिच्यातून द्रव मोजून वाहता ठेवायचा. कोल्हापूरला हा पेच परका नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर इथल्या फाउंड्र्यांमध्ये धातू ओतणे हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे काम पोकळी ओतण्याचे. ही नोंद त्या बाजूने लिहिली आहे.

जैवशाई : प्रिंटरमधून बाहेर पडणाऱ्या पेशीयुक्त जेलला जैवशाई म्हणतात. सर्वांत रुळलेल्या प्रकारात ती दाबाने नोझलमधून काढतात. नोझलचा व्यास साधारण २०० ते ४०० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) असतो. तिचे वागणे समजायला कुरडईचा सोऱ्या पुरेसा आहे. चीक पातळ राहिला की कुरडई पसरते, फार घट्ट झाला की सोऱ्या दाबता दाबवत नाही आणि तार तुटते. जैवशाईलाही दाबाखाली पातळ व्हावे लागते आणि नोझलबाहेर येताच आकार धरावा लागतो. मात्र इथल्या चिकात दर मिलिलिटरला दहा लाखांपासून कोटीपर्यंत जिवंत पेशी असतात आणि अरुंद नोझलमधल्या ताणाने त्यांची पटले फाटतात. आकार टिकवणारा घट्टपणा पेशींना मारतो. पेशींना मानवणारे मऊ जेल उभे राहत नाही. या क्षेत्रातल्या संशोधनाचा मोठा भाग या ओढाताणीतून वाट काढण्यात गेला आहे.

शाईसाठी तपकिरी समुद्रशैवालातले अल्जिनेट फार वापरतात, कारण कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण लागताच ते गोठते. दुसरा मोठा आधार कोलॅजेन या प्रथिनाचा आणि त्यापासून मिळणाऱ्या जिलेटिनचा. जनावराच्या कातड्यात मुख्यत्वे कोलॅजेनच असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कोल्हापुरी चपलेचे चामडे कमावतात, तेव्हा टॅनिन कोलॅजेनचे तंतू एकमेकांना बांधते आणि कातडे कुजायचे थांबते. जैवशाईतही तंतू बांधायचेच असतात, पण आत पेशी जिवंत असताना. म्हणून उपाय सौम्य लागतात: कोलॅजेनसाठी ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि उदासीन सामू (ना आम्ल, ना अल्क), तर रासायनिक बदल केलेल्या जिलेटिनसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश.

इतिहास थोडक्यात असा. चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये त्रिमितीय मुद्रणाच्या एका पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले. १९८८ मध्ये रॉबर्ट क्लेबी यांनी साध्या इंकजेट प्रिंटरने पेशींना चिकटवून धरणारे प्रथिन छापून पेशींची मांडणी करून दाखवली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत थॉमस बोलंड यांच्या गटाने इंकजेटमधून थेट पेशीच छापल्या.

रक्तवाहिन्यांचा प्रश्न : पेशीला प्राणवायू विसरणाने, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत, मिळतो आणि तो केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पुरतो. त्याहून दूरची पेशी गुदमरते. त्यामुळे पातळ किंवा रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतींमध्ये यश आधी आले. २०२२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) या तीन संस्थांनी मिळून मानवी ऊतीपासून बनवलेल्या जेलमधून पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) छापले आणि ते सशाच्या डोळ्यात बसवले. त्याच वर्षी अमेरिकेत जन्मतः कान अपुरा असलेल्या एका तरुणीला तिच्याच कूर्चेच्या (कानातल्या लवचीक मऊ हाडाच्या) पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवला गेला. पारपटल आणि कूर्चा या दोन्हींत रक्तवाहिन्या नसतात, हा योगायोग नव्हे.

जाड ऊतीत वाहिन्या कशा ठेवायच्या, याचे एक सुंदर उत्तर फाउंड्रीतल्या कोअरसारखे आहे. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळायची वाट ठेवायची असेल, तर साच्यात वाळूचा कोअर बसवतात, भोवती लोखंड ओततात आणि थंड झाल्यावर वाळू झाडून काढतात. जिथे कोअर होता तिथे वाट उरते. २०१२ मध्ये जॉर्डन मिलर, ख्रिस्तोफर चेन आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच साखरेने केले. ग्लुकोज, साखर आणि डेक्स्ट्रान यांच्या तापवलेल्या पाकातून त्यांनी काचेसारखी कडक जाळी छापली, भोवती पेशींचे जेल ओतले आणि जाळी विरघळवून टाकली. मागे उरलेल्या नळ्यांच्या भिंतींवर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवून त्यांतून रक्त वाहते केले. गुऱ्हाळावर काहील कोणत्या क्षणी उतरवायची हे हेरणारा गुळव्या ज्या जिल्ह्यात आहे, तिथे पाकाच्या टोकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको: पाक कच्चा राहिला तर जाळी वाकते, ओलावा धरला तर वितळते.

दुसरा मार्ग ॲडम फाइनबर्ग यांच्या गटाचा. मऊ जिलेटिनच्या लगद्यात नोझल बुडवून आतच कोलॅजेन छापायचे, म्हणजे लगदा त्याला तोलून धरतो; मग ३७ अंशांवर लगदा वितळवून काढायचा. २०१९ मध्ये याच रीतीने त्यांनी हृदयाचे भाग छापले. त्याच वर्षी तेल अवीवला ताल द्वीर यांच्या गटाने रुग्णाच्या पेशींपासून सशाच्या हृदयाएवढे हृदय छापले. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्या मिळून रक्त ढकलत नव्हत्या.

इथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे. छापलेले संपूर्ण यकृत, मूत्रपिंड वा हृदय आजवर एकाही माणसाला बसवलेले नाही. ज्यांच्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसची फेरी चालू आहे, त्यांच्यापर्यंत अशा बातम्या मथळ्यांतूनच पोहोचतात आणि त्या आशेवर अवयवदानाच्या यादीत नाव घालायचे लांबणीवर पडले, तर नुकसान रुग्णाचे होते. आज बायोप्रिंटिंगचा खरा उपयोग प्रयोगशाळेत औषधे तपासण्यासाठीच्या ऊती बनवण्यात आहे.

औषधपंप : या शाखेची वाट उलट दिशेने गेली; यंत्र आधी रुग्णापर्यंत पोहोचले. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात रोझ आणि नेल्सन यांनी जनावरांसाठी परासरणावर (पातळ पडद्यातून पाणी आपोआप दाट द्रावणाकडे ओढले जाण्यावर) चालणारा पंप मांडला. पुढे मिनेसोटा विद्यापीठात पेरी ब्लॅकशिअर आणि हेन्री बुखवाल्ड यांनी बॅटरीशिवाय चालणारा पंप माणसासाठी केला. धातूच्या भात्याने डबीचे दोन कप्पे केलेले. एका कप्प्यात औषध, दुसऱ्यात शरीराच्या उष्णतेने वाफ होणारा द्रव. वाफ भाता दाबते, औषध बारीक नळीतून बाहेर पडते. त्वचेवरून सुईने औषध पुन्हा भरले की वाफेचा द्रव होतो, म्हणजे टाकी भरणे हीच त्याला चावी देणे. उणीव एवढीच, की अंगात ताप भरला की वेगही वाढतो. नंतरच्या बॅटरीच्या पंपांत नळीवर फिरणारी रूळचाके औषध पुढे ढकलतात आणि वेग बाहेरून बदलता येतो.

सर्वांत मोठा लाभ मात्रेत आहे. मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर स्नायू ताठरतात, त्यासाठी बॅक्लोफेन देतात. गोळ्यांतून दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत लागणारे हे औषध मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात थेट सोडले, तर काही शे मायक्रोग्रॅम पुरते, म्हणजे सुमारे शंभरावा हिस्सा. गुंगी कमी, परिणाम जास्त.

पेशी आणि पंप यांना जोडणारा एक प्रयोग १९८० चा आहे. लिम आणि सन यांनी इन्सुलिन स्रवणारे पेशीपुंज अल्जिनेटच्या थेंबांत कोंडून मधुमेही उंदरांत सोडले. काही आठवडे साखर आटोक्यात राहिली. टाकी, बॅटरी काही नाही, पेशीच पंप. पण शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंचे वेष्टन विणते आणि थेंब असो वा टायटॅनियमची डबी, पोकळीची वाट बंद करू पाहते. दोन्ही शाखा आज इथेच अडल्या आहेत.

कोल्हापूरचा संदर्भ : कसबा बावड्यातल्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशी आणि पुनरुत्पादक वैद्यकाचा विभाग आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान आणि नॅनोविज्ञान शिकवले जाते, तर रुग्णांची रीघ सीपीआर या सरकारी रुग्णालयाला असते. औद्योगिक वसाहती इथून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत. तरीही ओतकामाचे कौशल्य जसेच्या तसे पंपाला लागू होत नाही. टायटॅनियम १,६६८ अंशांना वितळते आणि तापल्यावर हवेतला प्राणवायू ओढून ठिसूळ होते, त्यामुळे लोखंडाची भट्टी त्याच्या कामाची नाही. डबीचे जोड लेसरने सांधतात आणि हेलियम वायूने गळती तपासतात. ओतलेला भाग पाण्यात बुडवून, हवा दाबून बुडबुडे बघणाऱ्या कामगाराला त्यामागची दृष्टी मात्र समजावून सांगावी लागणार नाही. साचे, नोझल, चाचणीची उपकरणे ही इथली सुरुवात असू शकते.

असे पंप भारतात मोजक्या मोठ्या रुग्णालयांत बसवतात. शिरोळ किंवा गगनबावड्याच्या रुग्णाला टाकी भरायला पुण्या-मुंबईला जावे लागले, तर तारखेचा हिशेब आपल्या नदीप्रमाणे करावा लागेल. बॅक्लोफेन अचानक थांबले तर तीव्र ताप, आचके आणि मृत्यूचाही धोका असतो. समजा टाकी २० मिलिलिटरची, औषध दर मिलिलिटरला २,००० मायक्रोग्रॅम आणि रोजची मात्रा ४००. म्हणजे रोज ०.२ मिलिलिटर आणि टाकी १०० दिवसांची. १ मे रोजी भरलेली टाकी ९ ऑगस्टला रिकामी होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच दिवसांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली होती आणि शिरोलीजवळ पुण्याचा महामार्ग पाण्याखाली होता. जुलै २०२१ मध्येही तो बंद पडला. म्हणून इथल्या रुग्णाची टाकी मृगात किंवा आर्द्रात, पाणी चढण्याआधी पुन्हा भरून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांचा साठा घरात वरच्या फळीवर ठेवावा.