क्वालिटी ९५ ठेवूनही पैठणीचा काठ मळकट का दिसतो?

लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीदुकानांचा बराच धंदा आता वेबसाइटवर चालतो आणि ‘दुकानातला रंग फोटोत येत नाही’ ही तिथली कायमची तक्रार. वेबसाइट सांभाळणाऱ्याला सल्ला मिळतो, ‘जेपेग (फोटोची नेहमीची फाइल) सेव्ह करताना क्वालिटी ९५ कर’. फाइल फुगते, रंग मात्र तसाच राहतो.

मुळात हा आकडा टक्केवारी नव्हे. जेपेग चित्राचे ८ × ८ चे चौकोन पाडून त्यांवर डीसीटी चालवतं (चौकोनातले चढउतार लहरींत मोडणारं, नसीर अहमद, नटराजन आणि राव यांनी १९७४ साली मांडलेलं गणित) आणि आलेल्या संख्यांना एका कोष्टकाने भागून पूर्णांक घेतं. क्वालिटी ५० ला ते कोष्टक जसंच्या तसं, ७५ ला निम्मं, ९५ ला एक दशांश. म्हणजे पहिला भाजक १६, मग ८, मग २. १०० ला सगळे भाजक १ होतात, तरी पूर्णांक करताना थोडं जातंच. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली पिलो लायब्ररी (फोटो बदलण्याचं, सेव्ह करण्याचं साधन) आकडा न दिल्यास ७५ धरते. जाता जाता: जेपेग नुसतं उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने खराब होतं, ही अंधश्रद्धा आहे. पुन्हा सेव्ह केलं तर मात्र होतं.

खरी गंमत त्याच्या आधीच घडते. जेपेग लाल-हिरवा-निळा बाजूला ठेवून एक उजळपणा आणि दोन रंगफरक साठवतं. उजळपणा = ०.२९९ लाल + ०.५८७ हिरवा + ०.११४ निळा. डोळ्याला रंगातले बारकावे कमी कळतात, म्हणून ४:२:० या पद्धतीत रंगफरक २ × २ पिक्सेलमागे एकदाच ठेवतात. एरवी हे खपून जातं. आता हिरवी पैठणी, लाल काठ घ्या. शुद्ध लाल (२५५, ०, ०) चा उजळपणा ७६. हिरव्या (०, १३०, ०) चाही ७६! उजळपणाच्या थराला तिथे काठ आहे हेच दिसत नाही, सगळी सीमारेषा रंगफरकात. ती जिथे २ × २ च्या मधून जाते, तिथे सरासरी निघते सुमारे (१२८, ६५, ०), म्हणजे मातकट तपकिरी. क्वालिटी ९५ केली तरी पिलो ४:२:० सोडत नाही. सेव्ह करताना ‘सबसॅम्पलिंग’ (रंगफरकाची ही काटछाट) ० द्यावं लागतं, तेच ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंगफरक वेगळा. इमेजमॅजिक (चित्रं बदलण्याचं दुसरं साधन) क्वालिटी ९० पासून पुढे हे आपणहून करतं. क्वालिटी ८५ आणि ४:४:४ ही जोडी अशा साड्यांसाठी ९५ आणि ४:२:० पेक्षा बरी.

पूर्ण साडीच फिकी दिसत असेल, तर गुन्हेगार कलर प्रोफाइल (फाइलमधले आकडे म्हणजे नेमके कोणते रंग, हे सांगणारी नोंद). आयफोन फोटो डिस्प्ले पी३ या रुंद रंगपट्ट्यात काढतो. एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या, लहान रंगपट्ट्यातला शुद्ध लाल तिथे (२३४, ५१, ३५) असा लिहिला जातो. पिलो जेपेग सेव्ह करताना प्रोफाइल आपणहून जोडत नाही. मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि लाल विझतो. पिलोच्या ‘कन्व्हर्ट’ला आरजीबी सांगून काही होत नाही, कारण त्याला प्रोफाइल कळतच नाही. छापखान्याकडून आलेलं सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचं) जेपेगही तो साध्या वजाबाकीने बदलतो, म्हणून रंग भडक होतात.

पिलोत क्रम असा: आधी ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ने फोटो सरळ करा. मग चित्राच्या माहितीतलं आयसीसी प्रोफाइल (म्हणजे तेच कलर प्रोफाइल) वाचून घेऊन ‘इमेजसीएमएस’मधल्या ‘प्रोफाइल टू प्रोफाइल’ने एसआरजीबीत न्या. पी३ मधले जे रंग एसआरजीबीत मावतच नाहीत ते कडेला चिकटतील. गडद राणी रंगाच्या घड्या त्यामुळे सपाट दिसतात, त्याला इलाज नाही. नंतर आकार कमी करा, शेवटी एसआरजीबी प्रोफाइल जोडून सेव्ह. ‘एआय एचडी’ करून देणारी अ‍ॅप इथे वापरू नका, ती जरीची नक्षी मनाने रचतात.

तपासायला इमेजमॅजिकची ‘आयडेंटिफाय’ कमांड ‘व्हर्बोज’सह चालवा. सॅम्पलिंग फॅक्टरमध्ये पहिलाच आकडा २x२ दिसला, तर रंगफरक अजून कापला जातोय. आणि फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो तिथे पुन्हा दाबला जातो.