वांग, काळे डाग आणि घरगुती लेप : पुडी उघडण्याआधी एवढे वाचा

ज्येष्ठमध, आंबेहळद, मंजिष्ठा, रक्तचंदन ही चूर्णे आमच्याकडून बहुतेक चेहऱ्यासाठीच नेली जातात. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: उटण्याने वांग जात नाहीत. आमच्या उटण्यानेही नाही. उटण्याने तेलकटपणा निघतो, वरची कोरडी त्वचा सुटते, चेहरा मऊ लागतो आणि उन्हाने नुकताच रापलेला रंग उतरायला थोडी मदत होते. डाग धरून ठेवते ते ऊन. उन्हाचा बंदोबस्त न करता लावलेला कोणताही लेप, दहा रुपयांचा असो की हजाराचा, वाया जातो.

डाग कशाचा आहे?

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखे पसरलेले तपकिरी पट्टे म्हणजे बहुधा वांग. बायकांमध्ये ते गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अनेकदा उमटतात, घरात कुणाला असतील तर शक्यता वाढते आणि उन्हाने ते हमखास गडद होतात. रंग तपकिरी असेल तर तो वरच्या थरात असतो. राखाडी किंवा निळसर झाक असेल तर रंग खोल उतरलेला असतो आणि तिथपर्यंत घरचा कोणताही लेप पोहोचत नाही.

मुरूम फुटून राहिलेले ठिपके वेगळे. नवा मुरूम आला नाही आणि जुना नखाने कोचला नाही तर ते काही महिन्यांत आपोआप फिके होतात. एखाद्या लेपाला यश मिळते ते बऱ्याचदा याच डागांवर, आणि श्रेय लेपाला जाते.

मान, काख किंवा जांघ काळी पडून तिथली त्वचा जाड, मखमली झाली असेल तर ती घासून जाणार नाही. तो मळ नव्हे. वजन वाढलेल्या, घरात मधुमेह असलेल्या माणसांत हे जास्त दिसते आणि रक्तातली साखर तपासून घेण्याची ती खूण आहे. बोटांच्या सांध्यांवर काळेपणा आला असेल आणि आहार पूर्ण शाकाहारी असेल तर बी-१२ तपासा. कमतरता भरून निघाली की तो रंग उतरतो. अशा ग्राहकाला आम्ही पुडी देत नाही, तपासणीला पाठवतो.

कपाळाच्या कडेला, कानामागे काळपटपणा असेल तर केसांचा रंग, काळी मेंदी किंवा सुगंधी तेल यांवर संशय घ्या. काळ्या मेंदीत पीपीडी नावाचे रसायन घातलेले असू शकते, त्याची अॅलर्जी होते आणि खाज गेल्यावर डाग मागे राहतो. टिकलीच्या जागी पांढरा ठिपका दिसला तर तिच्या गोंदातल्या रसायनाने रंगपेशी मेलेल्या असू शकतात. त्या दिवसापासून चिकटणारी टिकली बंद.

नाशिकचे ऊन

आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हवा थंड लागते म्हणून ऊन सोसवते, पण अतिनील किरण तापमानावर चालत नाहीत. द्राक्षांच्या काढणीत, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, दिंडोरी-निफाडकडच्या बागांत दिवसभर उभे राहणाऱ्यांचे चेहरे याच काळात रापतात. सातपूर-अंबडला दुचाकीवर जाणाऱ्यांचेही तेच. गाडीच्या बाजूच्या काचेतून यूव्ही-ए प्रकारचे अतिनील किरण आत येतात, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याचा खिडकीकडचा गाल जास्त काळवंडतो.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ लिहिलेले घ्या. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा. तेवढे क्रीम चेहरा, कान आणि मानेला लागते. लोक वाटाण्याएवढे लावतात आणि गुण येत नाही म्हणतात. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असतील तर आयर्न ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्या, कारण नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतात. गेरूतही लोहाचे ऑक्साइडच असते हे खरे, पण म्हणून कुंडीला लावायचा गेरू तोंडाला फासू नका. त्यात आणखी काय आहे ते कुणी तपासलेले नसते.

बागेत काम करणाऱ्यांनी घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ आणि वर रुंद काठाची टोपी घालावी. घामाने भिजलेल्या पातळ ओढणीतून ऊन सहज आत येते. एक जादा ओढणी पिशवीत ठेवा.

काय लावू नये

लिंबू. सगळ्यात जास्त बिघाड याचाच. रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) २ ते २.५, त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून झोंबते. खरा घात पुढे आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखा चट्टा येतो. एक-दोन दिवसांत लाली, कधी फोड, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तपकिरी डाग. सरबताची लिंबे पिळून तसेच उन्हात बसलेल्यांच्या हातावर तो नेमका ओघळाच्या आकारात उमटतो: मनगटापासून कोपराकडे गेलेली रेघ, मध्ये थेंब पडला तिथे गोल ठिपका. असा डाग जायला महिने लागतात. पिळलेली फोड कोपरावर, मानेवर, चेहऱ्यावर घासणे म्हणजे हेच संकट ओढवून घेणे. साखर किंवा मध मिसळल्याने काही फरक पडत नाही.

बावची. 'कातडीसाठी चांगली' एवढेच ऐकून लोक मागतात. बावचीत सोरालेन असते, म्हणजे ऊन लागले की त्वचेवर काम करणारे द्रव्य. पांढऱ्या डागांत रंग परत आणण्यासाठी ती वैद्याच्या देखरेखीखाली वापरतात. रंग वाढवणारे औषध वांगावर लावले तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय ऊन लागले की फोड येतात. चेहऱ्यासाठी हवी असेल तर आम्ही बावची देत नाही.

बिब्बा. तीळ किंवा चामखीळ घालवायला बिब्ब्याचे तेल टोचू नका. बिब्बा उतला की सूज, पाणी सुटणारे फोड आणि मग काळा वण. आधी दिसत होता त्याच्या दुप्पट.

खाण्याचा सोडा (पीएच ८ च्या वर), टूथपेस्ट, व्हिनेगर, कच्च्या पपईचा चीक यांना एका ओळीत नकार. कच्च्या बटाट्याच्या चकत्या निरुपद्रवी आहेत, उपयोगाचा पुरावाही नाही. भाजीत घाला.

आणि घासणे. वज्री टाचेसाठी असते. ती, नायलॉनची जाळी किंवा जाडेभरडे पीठ रोज मानेवर, खांद्यावर, पाठीवर चालवले तर त्वचा स्वतःला वाचवायला आणखी रंग तयार करते. हाडाच्या उंचवट्यावर, गळपट्टीपाशी हे काळे पट्टे आधी दिसतात आणि लोक ते काढायला आणखी घासतात.

लावायचेच असेल तर असे

मसूरडाळीचे वस्त्रगाळ पीठ २ चमचे, ज्येष्ठमध चूर्ण अर्धा चमचा, आंबेहळद एक चिमूट, ताजे दही ३ ते ४ चमचे. त्वचा कोरडी असेल तर दह्याऐवजी दूध. पीठ चाळणीतून गाळलेले चालणार नाही, धुतलेल्या मलमलीतून गाळा. दोन बोटांत चोळल्यावर रवाळ लागले तर पुन्हा गाळा.

आधी चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, सात दिवस, दर वेळी दहा मिनिटे ठेवून धुवा. एकदा लावून काही झाले नाही म्हणून समाधान मानू नका, अॅलर्जी उशिरा उठते. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही आले तर तो लेप तुमच्यासाठी नाही.

लेप संध्याकाळी लावा. आठ ते दहा मिनिटे पुरतात. सुकून तडकायच्या आधी, ओलसर असतानाच भरपूर पाण्याने काढा. तडकलेला लेप ओढून काढताना त्वचा खरवडली जाते आणि सावळ्या, गव्हाळ रंगाच्या कातडीवर प्रत्येक खरवडीचा डाग पडू शकतो. नंतर साधे मॉइश्चरायझर. आठवड्यातून दोनदा, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत एकदाच. मुरूम असतील तर लेपावर साय किंवा खोबरेल नको.

ज्येष्ठमधातील ग्लाब्रिडिन रंग तयार करणाऱ्या क्रियेला आवर घालते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. पण ते पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पाण्यात कालवलेल्या चुर्णाकडून क्रीममधल्या अर्काएवढी अपेक्षा ठेवू नका. सहाणेवर दुधात उगाळलेले जायफळ वांगावर लावायची चाल जुनी आहे. त्यातले सुगंधी तेल नाजूक कातडीला झोंबते, आणि झोंबण्याला 'औषध काम करतेय' समजणे हीच मोठी चूक. कोरफड वापरताना पान कापून पंधरा मिनिटे उभे ठेवा, पिवळा चीक गळू द्या, मगच गर घ्या.

भेसळ ओळखण्याचे दोन सोपे मार्ग. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद न ढवळता टाका. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळे करते, रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळे होते. रक्तचंदनाचा रंग पाण्यात जवळजवळ उतरत नाही. चिमूट टाकताच पाणी लालभडक झाले तर तो भुसा रंगवलेला आहे. आमच्या पुडीवरही हा प्रयोग करून बघा.

किती दिवसांत?

वरचा थर बदलायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे आठ ते बारा आठवड्यांआधी निकाल नाही. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. आरशावर विसंबू नका. तीन महिन्यांत फोटो तसाच असेल तर लेप थांबवा. नियासिनामाइड किंवा अॅझेलेइक अॅसिड या क्रीममधून मिळणाऱ्या औषधांना घरगुती लेपांपेक्षा भक्कम आधार आहे. ते कोणते आणि किती टक्क्यांचे वापरायचे हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

आठवड्यात गोरे करणाऱ्या ट्यूबा

शेजारणीने सुचवलेल्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन लिहिले आहे का बघा. ही स्टेरॉइड आहेत. चेहरा पटकन उजळतो, मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ आणि केस येतात. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने सोडवून घ्या. डाग फिके करणारे हायड्रोक्विनोनही देखरेखीशिवाय दीर्घकाळ लावले तर निळसर-काळा, न जाणारा डाग पडू शकतो.

बिनलेबलच्या डब्या त्याहून वाईट. काहींत पारा असतो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा साधारणपणे दहा लाख भागांत एक भाग इतकीच आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंड बिघडलेल्या अनेक रुग्णांचा धागा अशा क्रीमपर्यंत गेल्याचे २०२३ मध्ये पुढे आले. डबीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नसेल, किंवा यादीत 'कॅलोमेल' वा 'मर्क्युरी' असेल, तर ती वापरू नका. पायावर सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर डॉक्टरांना डबीसह दाखवा.

लेप बाजूला ठेवून आधी डॉक्टर

फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल. तीळ वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या झाल्या असतील किंवा रक्त येत असेल. हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडून अशक्तपणा आला असेल. तर वाट पाहू नका. गरोदर असाल तर चेहऱ्यासाठी सनस्क्रीन आणि टोपी एवढेच पुरे, बाकी बाळंतपणानंतर बघू. त्या वेळचे वांग बऱ्याच जणींचे पुढे फिके होतात.

चूर्ण काचेच्या कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्यानेच काढा. पावसाळ्यात गुठळी झाली किंवा कुबट वास आला तर फेकून द्या. कालवलेला लेप उरला तर फ्रीजमध्येही ठेवू नका. चाचणीत पुरळ आले तर उरलेली पुडी बिलासह आणा, पैसे परत मिळतील.