स्वालबार्डची जलसफर: चारशे वर्षांची पार्श्वभूमी

दर उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात, नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाभोवती छोटी जहाजे फिरताना दिसतात. शंभर-दीडशे प्रवासी, त्यांच्यासोबत पक्षी, हिमनद्या आणि इतिहास जाणणारे मार्गदर्शक, अस्वलांपासून संरक्षणासाठी बंदुका आणि किनाऱ्यावर उतरण्यासाठी रबरी होड्या असा सगळा सरंजाम असतो. या सफरींच्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या की तीच ती नावे पुन्हा भेटतात: मॅग्डालेनेफियॉर्ड, स्मेरेनबर्ग, नी-ऑलेसुंड, पिरॅमिडेन, बॅरेंट्सबर्ग. ठिकाणे देखणी आहेत यात शंका नाही. पण जहाजे नेमकी तिथेच का थांबतात, हे समजायला या बेटांच्या इतिहासात मागे जावे लागते. यातला बहुतेक प्रत्येक थांबा कधी काळी कुठल्या ना कुठल्या धंद्याने शोधला, वापरला आणि माल संपल्यावर सोडून दिला आहे.

सुरुवात समुद्रापासून करावी लागते. स्वालबार्ड ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांमध्ये पसरलेले आहे. त्याच अक्षांशांवरचा ग्रीनलंडचा पूर्व किनारा वर्षाचा बराच काळ समुद्रबर्फाने अडवलेला असतो. स्वालबार्डमधल्या सर्वांत मोठ्या बेटाचा, स्पिट्सबर्गेनचा, पश्चिम किनारा मात्र उन्हाळ्यात मोकळा होतो, कारण अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहाची एक शाखा त्याला लगटून उत्तरेकडे जाते. ध्रुवाच्या इतक्या जवळ साध्या लाकडी गलबतांनाही पोहोचता आले ते या पाण्यामुळे. इथे आलेल्या प्रत्येकाने, मग तो शिकारी असो, खाणमालक असो की प्रवासी, हीच वाट धरली.

डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स चीनकडे जाणारा उत्तरेचा मार्ग शोधायला निघाला होता. जून १५९६ मध्ये त्याला ही टोकदार डोंगरांची भूमी दिसली. मार्ग काही सापडला नाही, आणि पुढच्या वर्षी रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेमल्या बेटांच्या बाजूला बॅरेंट्स मरण पावला. १६०७ मध्ये इंग्रज हेन्री हडसन याच भागात आला आणि इथे देवमासे विपुल असल्याची बातमी घेऊन गेला. त्या बातमीने बेटांचे नशीब बदलले. १६११ मध्ये इंग्लंडच्या मस्कोव्ही कंपनीने शिकार सुरू केली, तीन वर्षांत डचांनी आपली कंपनी काढली आणि दोघांमध्ये फियॉर्डांच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या, ताब्यावरून चकमकी उडू लागल्या.

बळी होता बोहेड देवमासा. हा संथ पोहतो, त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो आणि मेल्यावर तो बुडत नाही, तरंगत राहतो. वल्ह्यांच्या होड्यांतून हाती भाला घेऊन शिकार करणाऱ्यांना याहून सोयीचा प्राणी मिळाला नसता. चरबी उकळून काढलेले तेल दिव्यांत आणि साबणात जाई. टाळूपासून लोंबणाऱ्या लवचिक पट्ट्या बायकांच्या पोशाखांना आकार द्यायला वापरत. आम्स्टरडॅम बेटावरचे स्मेरेनबर्ग हे या तेलाचे सर्वांत प्रसिद्ध ठाणे. तिथे हजारो माणसे, दुकाने आणि चर्च होते अशा कथा पुढे युरोपात पसरल्या. उत्खननातून दिसले ते चित्र बरेच साधे आहे: पंधरा-सोळा इमारती, भट्ट्या आणि भरात दोनशेच्या आसपास माणसे. १६३३-३४ च्या हिवाळ्यात सात जणांना मुद्दाम तिथे ठेवले, ते वाचले. पुढच्या हिवाळ्यात ठेवलेल्या सातांपैकी एकही वाचला नाही.

या माणसांबद्दल मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट जवळच्याच एका बेटावरच्या कबरींत सापडली. १९८० मध्ये डच पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या कबरी उघडल्या, तेव्हा कायम गोठलेल्या जमिनीत त्या खलाशांच्या विणलेल्या लोकरी टोप्या जशाच्या तशा टिकल्या होत्या. प्रत्येक टोपीचे पट्टे वेगळे. थंडीत सारे अंग इतके गुंडाळलेले असे की केवळ डोळे दिसत, आणि माणसे एकमेकांना टोपीवरून ओळखत. त्या टोप्या आज आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. आता जमीन वितळू लागल्याने किनाऱ्यालगतच्या अशा कितीतरी कबरी समुद्रात ढासळत आहेत.

१६६० च्या सुमाराला स्मेरेनबर्ग ओस पडले. फियॉर्डांतले देवमासे संपले होते. शिकार खुल्या समुद्रात सरकली आणि दीड-दोन शतके चालूच राहिली. दोनशेहून अधिक वर्षे जगू शकणारा हा प्राणी या भागात अलीकडे पुन्हा दिसू लागला आहे, पण त्याची संख्या काही शेकड्यांतच आहे. आजच्या सफरीत स्मेरेनबर्गच्या वाळूवर भट्ट्यांभोवती घट्ट झालेल्या चरबीची वर्तुळे दाखवतात, आणि मला ती या बेटांवरची सर्वांत महत्त्वाची वास्तू वाटते.

देवमाशांनंतर पाळी आली वॉलरस, अस्वल आणि कोल्ह्यांची. आधी रशियाच्या श्वेत समुद्राकडचे पोमोर शिकारी आणि मग नॉर्वेचे फासेपारधी लाकडी खोपट्यांत अख्खा हिवाळा काढत. अस्वलांसाठी पेटीत बंदूक बसवून आमिष लावण्याची पद्धत होती. आमिष ओढले की गोळी सुटे, आणि मादी मेली तर पिल्ले बेवारस होत. वर्षाला शेकडो अस्वले मारली जात.

प्रवासी कधी आले? समज असा असतो की पर्यटन हे खाणी बंद पडल्यानंतरचे पोट भरण्याचे साधन. प्रत्यक्षात पर्यटक खाणींच्या आधी आले. १८३९ मध्ये फ्रेंच वैज्ञानिक मोहिमेसोबत लेओनी दोने ही तरुणी मॅग्डालेनेफियॉर्डला पोहोचली. १८५६ मध्ये लॉर्ड डफरिन आपल्या खासगी नौकेतून आले. हेच पुढे भारताचे व्हाइसरॉय झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८८५ मध्ये, मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली. त्यांच्या प्रवासवर्णनाने इंग्लंडमध्ये उत्तरेच्या सफरींची हौस वाढवली. १८९० च्या दशकात विल्हेल्म बाडे या जर्मन कप्तानाने नियमित सफरी सुरू केल्या. बाडे ज्या ‘हान्सा’ जहाजावर अधिकारी होता ते ग्रीनलंडजवळ बर्फात चिरडले गेले होते, आणि सारे खलाशी हिमतुकड्यावर महिनोन् महिने वाहत जाऊन वाचले होते. त्यातून परतलेल्या माणसाने लोकांना हौसेने तिकडे न्यावे, याचे मला फार नवल वाटते. १८९६ मध्ये नॉर्वेच्या एका जहाज कंपनीने दर आठवड्याला एक फेरी सुरू करून किनाऱ्यावर हॉटेलही बांधले. ते काही हंगामांतच बंद पडले, पण स्वालबार्डच्या आजच्या विमानतळाजवळच्या त्या भूशिराला आजही हॉटेलचेच नाव आहे.

१९०१ मध्ये अशाच एका जर्मन सफरीच्या जहाजावर जॉन मन्रो लॉन्गइयर हा अमेरिकन उद्योजक कुटुंबासह आला. त्याने कोळसा पाहिला. १९०६ मध्ये त्याच्या कंपनीने खाण सुरू केली आणि तिच्याभोवतीची वस्ती त्याच्या नावाने लॉन्गइयरब्येन झाली. आज अडीच हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेले हे गाव स्वालबार्डचे मुख्य ठाणे आहे. ते एका पर्यटकाच्या सुट्टीतून उभे राहिले, हे प्रवाशांना सांगितले जात असेल तर बरे.

तोवर ही बेटे कोणाचीच नव्हती. कायदा नाही, न्यायालय नाही, जमिनीवर दावा सांगायचा तर पाटी ठोकायची. पहिल्या महायुद्धानंतर ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये करार झाला आणि १९२५ मध्ये तो अमलात आला. बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले, पण सह्या करणाऱ्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे व्यवसायाचे समान हक्क मिळाले. नाविक तळ उभारायला आणि युद्धासाठी बेटे वापरायला बंदी आली. ब्रिटनच्या वतीने झालेल्या सह्यांत भारताचेही नाव होते, त्यामुळे भारत या कराराचा मूळ सदस्य आहे. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही तो याच व्यवस्थेमुळे. अर्थात विमान किंवा जहाज बहुधा नॉर्वेहून निघते आणि परततानाही नॉर्वेतच यावे लागते, म्हणून आपल्याकडच्या प्रवाशाला दोनदा प्रवेशाची मुभा देणारा शेंगेन व्हिसा लागतोच.

या कराराचे सर्वांत विलक्षण फळ म्हणजे नॉर्वेच्या भूमीवरच्या सोव्हिएत वस्त्या. पिरॅमिडेन स्वीडिश लोकांनी १९१० मध्ये सुरू केले आणि १९२७ मध्ये सोव्हिएत संघाला विकले. बॅरेंट्सबर्ग डचांकडून १९३२ मध्ये सोव्हिएत कंपनीकडे गेले. शीतयुद्धाच्या काळात पिरॅमिडेनमध्ये हजारावर माणसे राहत, त्यांतली बरीच युक्रेनच्या दोन्बास भागातली खाणकामगार कुटुंबे. पोहण्याचा तलाव, पियानो, ग्रंथालय, लेनिनचा पुतळा असे सारे काही होते. सोव्हिएत संघ कोसळला, पैसा आटला. १९९६ मध्ये बॅरेंट्सबर्गला निघालेल्या खाणकामगारांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे विमान लॉन्गइयरब्येनजवळ डोंगरावर आदळून १४१ जण मृत्युमुखी पडले. १९९८ मध्ये पिरॅमिडेनची खाण बंद झाली. पर्यटक आज जी रिकामी खोली ‘भूतांचे गाव’ म्हणून टिपतात, तिथे तीन दशकांपूर्वी कुणाची मुले वाढत होती, हे फोटो काढताना ध्यानात असू द्यावे.

नी-ऑलेसुंडची कथा याहून वेगळ्या वळणाने गेली. तिथेही कोळसाच होता. १९२६ मध्ये नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक रोआल्ड आमुंडसेनचे ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाकडे निघाले ते इथूनच, आणि त्याला बांधण्याचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीतल्या स्फोटात २१ कामगार गेले. चौकशीचा अहवाल आला, नॉर्वेच्या संसदेत अविश्वास ठराव झाला आणि १९६३ मध्ये पंतप्रधान आइनार गेरहार्डसेन यांचे सरकार पडले. खाण कायमची बंद झाली आणि गाव हळूहळू संशोधकांचे झाले. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये इथे आली आणि १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे काम गोव्यात वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. गावालगतच्या काँग्सफियॉर्डमध्ये २०१४ साली भारताने पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही निरीक्षण यंत्रणा बसवली, आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही आपले शास्त्रज्ञ तिथे राहू लागले. जहाज या धक्क्याला लागण्याआधी प्रवाशांना फोनचे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करायला सांगतात, कारण तिथल्या संवेदनशील उपकरणांची मोजमापे त्या लहरींनी बिघडतात.

प्राण्यांच्या बाजूने कायदा उशिरा आणि तुकड्या-तुकड्याने आला. रेनडिअरला १९२५ मध्ये संरक्षण मिळाले. वॉलरसला ते १९५२ मध्ये मिळाले, तेव्हा स्वालबार्डमध्ये जेमतेम शंभरेक उरले होते. आज ते हजारांत आहेत. अस्वलांची शिकार १९७३ पर्यंत चालली, आणि तिच्या शेवटच्या दशकांत पैसे मोजून ‘ट्रॉफी’ मिळवायला येणारे हौशी पर्यटकही त्यात होते. त्याच वर्षी ओस्लोमध्ये पाच देशांनी ध्रुवीय अस्वलांच्या रक्षणाचा करार केला आणि स्वालबार्डमध्ये पहिली राष्ट्रीय उद्याने झाली. आता सुमारे ६५ टक्के भूभाग संरक्षित आहे. २००२ पासून लागू असलेल्या पर्यावरण कायद्याने १९४६ पूर्वीच्या मानवी अवशेषांना आपोआप संरक्षण दिले. गंजलेला खिळा असो की तुटलेली होडी, हात लावायचा नाही.

आजच्या पद्धतीची सफर घडवली स्वीडिश-अमेरिकन सफर-व्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. १९६६ मध्ये त्यांनी पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेले आणि १९६९ मध्ये खास या कामासाठी छोटे जहाज बांधून घेतले. छोटे जहाज, सोबत जाणकार, संध्याकाळी व्याख्यान आणि रबरी होडीने किनारा हा साचा त्यांचाच. स्वालबार्डमध्ये तो फोफावला १९९० च्या दशकात. सोव्हिएत संघ गेल्यावर त्याची बर्फात टिकणारी संशोधन जहाजे रिकामी पडली होती आणि पाश्चात्त्य कंपन्यांना ती स्वस्तात भाड्याने मिळाली. त्याआधीच १९८९ च्या जूनमध्ये ‘माक्सिम गोर्की’ हे मोठे पर्यटक जहाज बर्फावर आदळले होते. जवळपास हजार माणसे होड्यांत आणि हिमतुकड्यांवर होती. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचे ‘सेन्या’ वेळेत पोहोचले म्हणून सगळे वाचले. पुढच्या वेळी असे जहाज जवळ असेलच याची खात्री कोण देणार?

२००३ मध्ये जहाज कंपन्यांनी स्वतःची संघटना काढून वर्तनाचे नियम घातले. ते उपयोगी होते, पण पुरेसे नव्हते. समुद्रबर्फ मागे सरकला तशी जहाजे पूर्वी न पोहोचणाऱ्या ईशान्येच्या बेटांपर्यंत जाऊ लागली. २०१८ मध्ये उत्तरेच्या एका बेटावर सफरीच्या पहारेकऱ्यावर अस्वलाने हल्ला केला आणि अस्वलाला गोळी घातली गेली. २०२२ पासून स्वालबार्डच्या सागरी हद्दीत जड इंधनतेलावर बंदी आली. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून अधिक प्रवाशांचे जहाज जाऊ शकत नाही, उतरायचे तर ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच. अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर अंतर राखावे लागते.

या नियमांवर सफर-व्यावसायिकांची नाराजी आहे: लांबून ठिपका दाखवायचा तर लोक कशाला येतील, आणि मोजक्याच जागी सगळ्यांना उतरवले तर त्याच जागा तुडवल्या जातील. दुसरा मुद्दा खरा आहे आणि त्यावर प्रशासनाने लक्ष ठेवलेच पाहिजे. पहिला मला पटत नाही. या बेटांवर प्रत्येक धंद्याला मर्यादा आली ती माल संपल्यावर: तेलाला देवमासे संपल्यावर, शिकारीला वॉलरस शंभरावर आल्यावर. पर्यटनाला ती आधी घातली जाते आहे. जून २०२५ मध्ये लॉन्गइयरब्येनजवळची सातव्या क्रमांकाची खाण, स्वालबार्डमधली शेवटची नॉर्वेजियन कोळसा खाण, बंद झाली. म्हणजे गावाचा संसार आता पर्यटन, संशोधन आणि शिक्षण यांवर चालायचा आहे, आणि अधिक जहाजे येऊ द्या असा दबाव इथून पुढे वाढत जाणार आहे.