मॉनिटरवर शंभर? मग ऑक्सिजन कमी करा

अपुऱ्या दिवसांचं बाळ ऑक्सिजनवर आहे आणि मॉनिटरवर सॅच्युरेशन (हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय तो आकडा) १०० दिसतंय. काचेबाहेर आजीला हायसं वाटतं. आत सिस्टर मात्र ब्लेंडरचा (हवा आणि ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राचा) नॉब उलटा फिरवते.

हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की हा आकडा पुढे सरकत नाही, रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मात्र वाढत राहतो. त्याचा दाब ९० मिमी (पारा) आहे की २५०, हे १०० वरून कळत नाही. जादा ऑक्सिजनमुळे दृष्टिपटलाच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबते, आणि काही आठवड्यांनी तिथे वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात. १९४०-५०च्या दशकांत अशी हजारो मुलं आंधळी झाली. मग हात आखडला, तर मृत्यू वाढले. पुढे २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांवर मोठ्या चाचण्या झाल्या: सॅच्युरेशन ८५-८९ ठेवलेल्या गटात डोळ्यांचा आजार कमी, पण मृत्यू आणि आतड्यांचा गंभीर आजार ९१-९५ पेक्षा जास्त. म्हणून आज बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ धरतात आणि अलार्म साधारण ८९ व ९५ ला लावतात. वरचा अलार्म कटकट करतो म्हणून बंद करणं ही खरी घोडचूक. (बाळ साध्या हवेवर असेल तर १०० ची चिंता नाही, हवेत ऑक्सिजन २१ टक्केच.)

आकडा खरा यायला प्रोब, म्हणजे बाळाच्या पावलाला गुंडाळायची सेन्सरची पट्टी, नीट लागायला हवा. एका बाजूने ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश पावलातून जातो, दुसऱ्या बाजूचा सेन्सर तो टिपतो. दोन्ही अगदी समोरासमोर हवेत. प्रोब सरकला की प्रकाश कडेने निसटतो आणि आकडा खोटा येतो. फोटोथेरपी (काविळीसाठीचे प्रकाशोपचार) चालू असेल तर प्रोब अपारदर्शक कापडाने झाका. घट्ट आवळलात तर रक्त अडतं, नाजूक कातडीवर वळ उठतात. दर तीन-चार तासांनी जागा बदला. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटांत प्रोब उजव्या हाताला लावतात. पाचव्या मिनिटाला तिथे ८०-८५ असणं नॉर्मल आहे, घाबरायचं कारण नाही.

आकडा घसरला की हात आधी नॉबकडे जातो. तो आवरा. मॉनिटरवरची नाडीची लहर स्वच्छ आहे का, ऑक्सिमीटरची (सॅच्युरेशन मोजणाऱ्या यंत्राची) नाडी ईसीजीशी जुळते का, छाती हलते का, मान वाकली आहे का, नाकातली नळी निसटली आहे का, ते पाहा. श्वास थांबला असेल तर तळवा चोळा. तेवढ्याने श्वास सुरू झाला नाही, तर मास्कने श्वास द्यावा लागतो, नुसता ऑक्सिजन वाढवून उपयोग नाही. वाढवायचाच तर २ ते ५ टक्क्यांनी, आणि सावरेपर्यंत तिथेच उभं राहून परत खाली आणायचा. वाढवून निघून गेलं की दहा मिनिटांनी बाळ ९९ वर असतं.

एवढं सांभाळूनही डोळे तपासावेच लागतात. भारतात ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत होते. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बरीच बाळं त्याआधी घरी जातात, म्हणून तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून हवी.